कालवाचं गाऱ्हाणं

हरिश्चंद्र सरांनी बटण दाबलं आणि पडद्यावरचा सरपंच तोंड उघडं ठेवूनच थांबला. सरपंच म्हणजे खडकाला चिकटलेलं एक कालव, दोन शिंपल्यांतला जीव. उघडणं आणि मिटणं, एवढीच कालवाची कामं. शर्मिलानं आपल्या कार्टून मालिकेत त्याला तिसरं दिलं होतं, भाषण.

“हे गाऱ्हाणं जाणार नाही,” वाहिनीच्या मुंबई कार्यालयातून आलेले सर म्हणाले. “‘बंधारो व्हावान जांवदे, पण माझी खुर्ची ऱ्हवांदे.’ हे कुणाबद्दल आहे?”

“कालवाबद्दल,” शर्मिला म्हणाली.

“मागच्या भागात इथल्या एका पुढाऱ्यांनी स्वतःला ओळखलं.”

“आम्ही नाव कुठे घेतलं होतं?”

“त्यांनीच हात वर केला. आज मी मंजुरी दिली नाही, तर मालिका बंद.”

सावंतवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत पलीकडे चित्रकारांचे हात थांबले. कालवाला आवाज देणारा बाबली खाकरला.

“साहेबानू, देवळात मी गाऱ्हाणा घालतंय. घालणारो बोलता, गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणता. मधलो शब्द काढूक येणा नाय.”

सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

“मग सरपंचाचा फक्त आवाज काढा. गावकऱ्यांबद्दल तक्रार नाही.”

शर्मिलानं आवाज काढून दृश्य पुन्हा लावलं. कालव उघडलं, मिटलं. शब्द नाही. समोरचे झिंगे, बांगडे, मुडदुशे एका सुरात म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

पुन्हा उघडलं, मिटलं.

“व्हय म्हाराजा!”

बाबलीचे खांदे हलायला लागले. शर्मिलानं टेबलाखाली त्याच्या पायावर पाय ठेवला आणि जमेल तेवढ्या दुखावलेल्या आवाजात म्हणाली,

“सर, यात आता काही उरलंच नाही.”

“नाइलाज आहे.” सरांनी मंजुरी देऊन टाकली. मग मुंबईला फोन. “हो साहेब. सरपंच आता एक शब्दही बोलत नाही.”

दारात चपला घालताना ते थांबले. मागे न बघता, सकाळपासून पहिल्यांदाच मालवणीत बोलले.

“बाबलीनू, शेवटच्या व्हय म्हाराजाआधी जरा थांबाक व्हया. तोंड उघडा ऱ्हवांदे त्येचा. लोकांका बघूक येळ गावांदे.”

ते जिना उतरून गेले, तरी शर्मिलाचा पाय बाबलीच्या पायावरच होता.