पुराच्या वरचा माळा

विजयमालानं प्लायवूडचा तक्ता डोक्यावर तोलून धरला होता आणि तवनाप्पा खाली वाकून स्क्रू शोधत होते. मघाशी हातात होता तो निसटून गोणपाटाखाली गेला होता. तक्त्याच्या कडेचा भुसा तिच्या केसांत, खांद्यावर पडत होता. हात भरून आले होते. पण खाली ठेवायची सोय नव्हती, कारण ठेवला की पुन्हा उचलायचाही तिनंच.

"गावला," ते म्हणाले.

"मग लावा की."

"हा न्हवं. हा बारका हाय."

विजयमालानं डोळे मिटून घेतले. सकाळपासून तिला सगळंच मिटून घ्यावंसं वाटत होतं.

तवनाप्पा मगदूम यांची उभी नोकरी सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये गेली. नटबोल्टांची मापं त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येत. पण स्टोअरकीपरनं नटबोल्ट मोजून द्यायचे असतात, पिळायचे दुसऱ्यानं. निवृत्तीनंतर मात्र त्यांना फोनवरच्या व्हिडिओंनी झपाटलं. एक गोरा माणूस आपल्या गॅरेजात एका दुपारात फळ्या काय मारतो, कपाटं काय टांगतो, अवजारांना खुंट्या काय करतो! ते बघून यांनी ड्रिल मशीन आणलं. हौसेला मोल नाही म्हणतात, ते खरंच असावं. विजयमालाही दोन-चार वेळा शेजारी बसून बघत राहिली होती. तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. त्या माणसाच्या गॅरेजात तक्ता धरणारं कुणी कधीच दिसत नाही. तक्ता आपला आपण वर राहतो.

ही शेड घराच्या मागच्या अंगाला होती. बांधली तेव्हा तवनाप्पांच्या डोक्यात टेम्पो घ्यायचं होतं, म्हणून छप्पर घरापेक्षाही उंच ठेवलं. टेम्पो काही आला नाही. जुनी मारुती आली, ती दोन हजार एकोणीसच्या पुरात बुडाली, आणि मग ओढून भंगारात गेली. तेव्हापासून शेडमध्ये रंगाचे रिकामे डबे, मोडका कूलर आणि तवनाप्पांचे बेत एवढंच होतं.

त्या पुरात घरात गळ्याएवढं पाणी होतं. एकवीसला कंबरेएवढं. चोवीसला उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी गेलं, तर गल्लीनं पंचगंगेची ओटी भरली. लोक पाण्याचं सांगतात, फोटो पाण्याचे काढतात. पण पाणी येतं आणि जातं. राहतो तो चिखल. धान्याच्या डब्यांच्या पत्र्यात, शिवणयंत्राच्या दातऱ्यात, देवाच्या कोनाड्यात, गाद्यांच्या आत. विजयमालानं तो दोनदा खरवडून काढला होता. भिंती धुवून झाल्या की वास उरायचा, आणि वास जातोय तोवर पुन्हा आषाढ यायचा. आताशा आभाळ भरून आलं की तिचे हातच दुखायला लागत. तिला आणखी एक पावसाळा या घरात नको होता. इतकं साधं मागणं होतं. पण घरात ते मोठ्यानं बोलायचं म्हणजे भांडण.

मुलगी दीपा वरच्या भागात राहायची, जिथं पूर फक्त टीव्हीवर दिसतो. तिच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा झाला होता. अण्णा, अव्वाला घेऊन या, घर विकू नका, नुसतं कुलूप लावून या, असं ती पाडव्यापासून बापाला सांगत होती. तवनाप्पांचं उत्तर ठरलेलं. गल्लीतली सगळी माणसं राहतात, ती काय माणसं न्हाईत? शेडमध्ये असा माळा करतो, म्हणाले, की एकोणीसचं पाणी आलं तरी सामानाला थेंब लागायचा न्हाई. सामान वर, आपण चार दिवस शाळेत, पाणी उतरलं की घरात.

शेवटी दीपा वैतागली. जावई वृषभराव जेवायला आले होते, त्या दिवशी ताटावरच तिनं तोंड उघडलं. करा तुमचा माळा, म्हणाली. झाला की अव्वा वर चढून एकेक बोल्ट हलवून बघणार. सगळे घट्ट असले तर मी पुन्हा फ्लॅटचं नाव काढणार न्हाई. पण एक जरी ढिला निघाला, तर आषाढाच्या आत तुम्ही दोघं माझ्याकडं. तवनाप्पांनी वृषभरावांकडं बघितलं, वृषभराव भाताकडं बघत होते.

"कबूल," तवनाप्पा म्हणाले होते.

जावयासमोर दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ती पुसायला जावं तर माणूसच पुसला जातो. हात दाखवून अवलक्षण ते हेच, असं विजयमालाच्या मनात आलं होतं. पण कुणाचं अवलक्षण, ते तेव्हा ठरायचं होतं.

दुपार कलली तेव्हा शेवटचा तक्ता बसला. लोखंडी अँगलचे पाय, त्यावर आडवे अँगल, वर प्लायवूड, आणि मागचे पाय पार पत्र्यापर्यंत नेऊन बोल्टांनी भिंतीला जखडलेले. लांबून बघितलं तर खरंच माळा झाला होता. विजयमालाला उगाच इतके दिवस आशा होती की यांच्यानं व्हायचं नाही.

तवनाप्पांनी शिडी लावली.

"चढ. बघून घे एकदा," ते म्हणाले. "दीपाचा फोन येईल जेवायच्या आधी."

या जैन घरात जेवण दिवस मावळायच्या आत. म्हणजे वेळ फार नव्हता. विजयमालानं पदर खोचला. ती अंगानं काटक. दिवाळीला पंखे तीच पुसायची. सात-आठ पायऱ्या चढून ती माळ्यावर गुडघ्यांवर बसली. छपराचा पत्रा डोक्याला लागत होता आणि भट्टीसारखा तापला होता. खाली भिंतीवर एकोणीसच्या चिखलाची पुसट पट्टी दिसत होती. माळा त्या पट्टीपेक्षा हातभर उंच होता. माप काही चुकलं नव्हतं.

तिनं पुढच्या ओळीतला पहिला बोल्ट हलवला. हलेना. दुसराही हलेना. त्यांच्या नटांवर पान्याचे ओरखडे होते, एका जागी रंग उडालेला. पिळताना धनी कण्हत असणार, ते तिला दिसलंच जसं. मग ती रांगत मागच्या भिंतीकडं गेली. तिथं छप्पर चढतं होतं, आणि हे बोल्ट डोक्याच्याही वर, पत्र्याच्या लगत खाली होते. तिनं बोटांनी नट धरला आणि तो फिरला. पाना नको, जोर नको. बाटलीचं झाकण फिरावं तसा. शेजारचाही फिरला. त्याच्या पलीकडचाही. एकावरही ओरखडा नव्हता. कोपऱ्यातल्या बोल्टाशी मात्र अर्धामुर्धा खरचटल्याची खूण होती आणि खाली तक्त्यावर पाना पडलेला. एकदा जोर करून बघितला असावा आणि मग तिथंच ठेवून दिला असावा.

म्हणजे ती जिंकली होती. तोंड उघडायचं, एक वाक्य बोलायचं, की चिखल संपला.

पण पाना हातात घेतल्यावर तिला एकेक आठवायला लागलं. हल्ली सदरा घालताना आधी डावा हात जायचा. केस विंचरायचे तेही डाव्या हातानं, आणि भांग वाकडा यायचा. फळीवरचा डबा मागितला तर म्हणायचे, तूच काढ, मला धूळ सोसत न्हाई. जेवताना घास वर यायच्या ऐवजी मानच खाली जायची. तिनं हे सगळं बघितलं होतं आणि म्हातारपणाच्या नावावर टाकून दिलं होतं. उजवा खांदा वर उचलतच नव्हता त्यांचा. किती दिवस झाले, कुणास ठाऊक. त्या खांद्यानं हा माणूस उन्हाळाभर भिंतीला भोकं पाडत होता, आणि आता खाली शिडी धरून उभा होता.

तिला रडू आलं नाही; राग आला. आधी त्यांचा आणि मग स्वतःचा. भोक पडताना भुसा आपल्या अंगावर पडत होता, आणि आपल्याला त्यांचा खांदा दिसला नव्हता.

"अहो," ती वरून म्हणाली, "जरा पाणी आणता? घसा वाळलाय."

ते गेल्याची चाहूल लागली तशी तिनं पाना नटाला लावला. झाकली मूठ राहू दे, असं तिला वाटलं. जावयाच्या तोंडून 'अण्णांच्यानं जमलं न्हाई' एवढं निघालं तरी हा माणूस फ्लॅटच्या कोपऱ्यात बसून सुकेल. त्यापेक्षा चिखल बरा. चिखल निदान धुता येतो. ती एकेक नट पिळत गेली. प्रत्येक आट्यासरशी एक पावसाळा आपण आपल्या हातानं गळ्यात बांधून घेतोय, हे तिला कळत होतं, आणि तरी ती पिळत होती. कोपऱ्यातल्या नटाला तर तिनं दोन्ही हात लावले. तळव्यावर लाल वळ उठला.

तवनाप्पांना पाणी आणायला बराच वेळ लागला. तांब्या घेऊन आले तेव्हा ती शिडीवरून उतरत होती.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मागचे?"

"मागचेबी. घट्ट हाईत."

ते तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. तिला वाटलं होतं, आता फुशारक्या सुरू होतील, फोन काढून दीपाला लावतील, गल्लीच्या कट्ट्यावर जातील. त्यातलं काहीच झालं नाही.

"कोपऱ्यातला हलवून बघितलास? पत्र्याखालचा?"

"व्हय की. न्हाई हलत."

"हलत न्हाई," ते म्हणाले. विचारल्यासारखं नाही, मान्य केल्यासारखं. मग रंगाच्या एका डब्यावर बसले. रजेचा अर्ज नामंजूर होऊन आलेला माणूस बसावा तसे. पाणी तिच्यासाठी आणलं होतं, ते स्वतःच पिऊन टाकलं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं ते खांदा दाबत राहिले. ती समोर उभी असताना असं त्यांनी आजवर केलं नव्हतं.

विजयमाला भिंतीला टेकली. दोघंही इतकी दमली होती की बाहेर भाजीवाल्यानं दोनदा हाक मारली तरी कुणी उठलं नाही.

"दीपाच्या तिथं," थोड्या वेळानं तवनाप्पा म्हणाले, "लिफ्ट हाय म्हणत होती न्हवं?"

"हाय."

"लाईट गेल्यावर?"

"तेव्हाबी चालती म्हणं."

"हं." त्यांनी तांब्या जमिनीवर ठेवला. "बस्तीबी जवळच असंल. दर्शनाला चालत जाण्यासारखी."

"जवळच हाय."

विजयमाला त्यांच्याकडं बघत राहिली. पाणी आणायला इतका वेळ का लागला, ते तिला आता कळलं; मागचे सगळे नट तिनं निवांत हलवून बघावेत म्हणून. त्यांनी तिला बघायला चढवलं नव्हतं. सांगायला चढवलं होतं. जे त्यांना स्वतःच्या तोंडानं म्हणता येत नव्हतं, ते तिनं वरून म्हणावं म्हणून ते शिडी धरून उभे होते. आणि तिनं मोठ्या मायेनं एकेक नट पिळून तीच वाट बंद केली होती. तिला हसायलाही येईना. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांना एकदाच एकाच वेळी एकच गोष्ट हवी होती, आणि ती दोघांनी मिळून घालवली होती.

बाहेरचं ऊन तांबूस व्हायला लागलं होतं. भाकऱ्या व्हायच्या होत्या. आत कुठंतरी फोन वाजला आणि थांबला.

विजयमालानं पदर पुन्हा खोचला आणि शिडीला हात घातला.

"आता कशाला?" तवनाप्पांनी विचारलं.

"एक बघायचा राहिला वाटतं."

ते उठले. आले. डाव्या हातानं शिडी धरली.

ती रांगत कोपऱ्यापर्यंत गेली, पाना उचलला आणि नटाला उलटा लावला. तिनंच पिळलेला, सहजासहजी सुटेना. मग सुटला तो करकरत. सगळ्या शेडमध्ये ती करकर घुमली. खाली शिडी धरलेल्या माणसाला ती ऐकू आली नसेल, असं म्हणायला काही जागाच नव्हती. ते शिडीच्या पायाकडं बघत राहिले. नट बोटांनी फिरायला लागला तसा तिनं पाना बाजूला ठेवला आणि थोडा वेळ तशीच थांबली, अंगातला घाम निथळू देत.

"अहो."

"काय?"

"ह्यो एक ढिला हाय."

खाली तवनाप्पा खाकरले.

"नीट बघ."

"नीटच बघितलं. हाताला फिराय लागलाय."

"मग काय," ते म्हणाले. "कबूल केलंय जावयासमोर. शब्द तो शब्द."

ती शिडीवरून उतरायला लागली. तिचा पाय शेवटच्या पायरीवर टेकेपर्यंत त्यांनी शिडी सोडली नाही.

"फोन कर दीपाला," ते म्हणाले. "आणि वृषभरावांना म्हणावं, एकच ढिला होता."