काकवीबाबा आणि योगराज सरांची सरासरी

असोद्याच्या चौकात त्या दिवशी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. काकवीबाबांनी नरसाळ्यात वाटीभर काकवी ओतली. लोक मोठ्यानं अंक मोजत होते. पन्नास झाले तेव्हा कुठे ती खाली उतरली. मग काकवीच्या दुसऱ्या वाटीत बाबांनी चमचाभर तीर्थ ढवळून तीही ओतली. बारा म्हणेपर्यंत नरसाळं रिकामं!

"अस्संच तीर्थानं घट्ट रक्त पातळ होतं बाळांनो! फेका त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या!" बाबा गरजले.

पुढच्या रांगेत योगराज सर होते. जळगावच्या कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस गप्प कसा बसेल? विद्वत्तेला खाज सुटली. सरांनी माइक ओढला.

"तीर्थ दहावा हिस्सा. सरासरीनं घट्टपणाही दहावा हिस्साच घटायला हवा. लागायला हवे पंचेचाळीस अंक, लागले बारा. विज्ञान इथं थक्क आहे!"

टाळ्या पडल्या आणि सर फुगले.

चार दिवसांनी ते थोरल्या बहिणीकडे, झुंबरअक्काकडे गेले. दिवाळीतच अक्काच्या हृदयात स्टेंट बसवला होता. अक्काची सून नूतन दारातच म्हणाली, "मामा, आत्याबाईंनी गोळ्या बंद केल्यात."

"तूच माइकवर सांगितलं ना?" अक्का म्हणाली. "मंग गोया कायले खाऊ?"

 सरांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, पोटभर बोलणी खाल्ली आणि अक्काला लगेच गोळी दिली.

"मामा, तुम्ही कधी पाक केलाय का?" नूतननं विचारलं. "चमचाभर पाणी जास्त पडलं की पाक पार पातळ होतो."

तिनं घरची वाटीभर काकवी घेतली, चमचाभर नळाचं पाणी घातलं आणि नरसाळ्यात ओतली. अकरा अंकांत खेळ खलास!

सरांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! घट्ट-पातळाची सरळ सरासरी निघतच नाही. थोडंसं पातळ घट्टाला भलतंच सैल करतं. 'आधी लॉगरिदम घ्या, मग सरासरी काढा' म्हणून पोरांच्या वह्या लाल केल्या मी! आणि अक्का, गोळ्या काही रक्तात पाणी ओतत नाहीत गं. त्या गुठळी होऊ देत नाहीत."

संध्याकाळी चौकात सरांनी बाबांसमोर, सगळ्यांदेखत काकवीत नळाचं पाणी घालून दाखवलं.

"श्रद्धा नसेल तिथं..." बाबा सुरू झाले.

"नळाला कुठली श्रद्धा, बाबा?" सर म्हणाले. मग लोकांकडे वळले. "हा लबाड आहे, पण मी गाढव ठरलो. माझ्या शब्दावर विसंबून माझी बहीण जिवाला मुकली असती. कुणी शिकलेला बोलला म्हणून मान डोलवू नका. स्वतः करून बघा. आणि औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका."

गर्दीतून अक्का ओरडली, "आता हे तरी खरं सांगून राह्यला का रे?"

"मानू नको, अक्का," सर म्हणाले. "ये इथं, तूच ओत आणि तूच मोज."