मोठा सोन्याचा डोंगर

ईस्टरची सुट्टी आणि आमचा पितरांच्या कबरी झाडायचा सण यंदा एकाच आठवड्यात आले, आणि मेलबर्नच्या आमच्या घरात जुंपली. जायचं कुठे, बॅलरॅटला की बेंडिगोला? दोन्ही गावं जुन्या सोन्याच्या खाणींची, दोन्हीकडे आमच्या चिनी लोकांनी कंबर मोडेस्तोवर माती उपसलेली. माझ्या नवऱ्याला, किटला, बेंडिगो हवं होतं, कारण तिथे ईस्टरला भला मोठा ड्रॅगन नाचवत मिरवणूक निघते. मला बॅलरॅट हवं होतं. ते जवळ आहे आणि तिथे आमच्या लेकीला, टेसाला, ओढ्यातली वाळू थाळीत घोळवून सोनं शोधता येतं. शिवाय सणात बेंडिगोला खोली मिळायची म्हणजे दिव्यच, आणि ते दिव्य शेवटी माझ्याच गळ्यात पडणार.

या सगळ्यात सासूबाईंना कुणी विचारलंच नाही. त्यांना ना ड्रॅगन हवा होता ना वाळू. त्यांना हवी होती त्यांच्या पणजोबांची कबर.

हे पणजोबा चीनमधल्या नामहांग नावाच्या खेड्यातून सोनं खणायला इकडे आले. मध्ये एकदा घरी गेले, मुलगा पोटात असतानाच पुन्हा आले ते कायमचेच. परक्या मुलखात, आपली भाषा बोलणारं एक माणूस जवळ नसताना एकटेच मेले, असं सासूबाईंच्या माहेरी सगळे सांगत. तो मुलगा, म्हणजे सासूबाईंचे आजोबा, म्हातारा होईपर्यंत दर वर्षी सणाला दाराबाहेर भाताचा वाडगा ठेवून बापाला नावाने हाक मारायचा. बापाचं तोंडसुद्धा न पाहिलेला माणूस. आता ते नाव माहीत असलेल्या एकट्या सासूबाई उरल्या होत्या. ऐंशी उलटली होती, गुडघे कामातून गेले होते. यंदा कबरीशी जाऊन हाक मारली नाही तर ती राहिलीच, हे त्यांना कळत होतं आणि आम्हालाही.

पण कबर कुठे? विचारलं की उत्तर एकच, “दाय गाम सान.” मोठा सोन्याचा डोंगर. आता आमच्यात या सगळ्या देशालाच सोन्याचा डोंगर म्हणतात. त्यातला ‘मोठा’ म्हणजे म्हातारीची बढाई, असं आम्ही धरून चाललो होतो. “आई, तुझ्या माहेरचं सगळंच मोठं,” म्हणून किट चिडवायचा आणि त्या तोंड फिरवून बसायच्या.

भांडणात मी जिंकले आणि आम्ही बॅलरॅटला गेलो. कबरस्तानात सासूबाई काठी टेकत दगडामागून दगड वाचत राहिल्या. आमच्या लोकांच्या दगडावर नावाआधी गाव लिहिलेलं असतं. पण नामहांग काही सापडेना. ऊन चढलं, टेसा कुरकुरायला लागली, माझंही डोकं तापलं. एका कबरीपाशी आमच्यातलेच कुणी म्हातारबुवा नैवेद्याची संत्री मांडत होते. त्यांनी चौकशी केली, तुमचा माणूस कुठे आला होता म्हणून विचारलं, आणि सासूबाईंनी आपले तेच तीन शब्द सांगितले.

म्हातारबुवा संत्रं हातात धरून आमच्याकडे बघतच राहिले. “अहो, मग इथे काय करताय? दाय गाम सान म्हणजे बेंडिगो. जुनी माणसं बेंडिगोला त्याच नावाने ओळखायची.”

मी लग्न होऊन आल्यापासून ही बाई आम्हाला गावाचं नाव सांगत होती आणि आम्ही तिची थट्टा करत होतो. किटने माझ्याकडे पाहिलं, मी किटकडे. मी म्हटलं, गाडीत बसा.  वाटभर सासूबाई मांडीवरचा उकडलेल्या कोंबडीचा डबा सांभाळत ताठ बसून होत्या.

बेंडिगोत मिरवणुकीचे ढोल वाजत होते. आम्ही थांबलो नाही, थेट गावाबाहेरच्या कबरस्तानात गेलो. निलगिरीच्या झाडांखाली गुडघ्याएवढे दगड, रांगांवर रांगा, पार कुंपणापर्यंत. एवढी माणसं आली होती? 

सासूबाईंनी एका दगडावरची धूळ पुसली आणि वाचलं, “नामहांग.” पुढचा दगड पुसला, “नामहांग.” त्याच्या पुढचाही नामहांगचा. त्या काठी विसरून चालायला लागल्या. हा विहिरीजवळच्या घरातला असणार, हा तर आमच्याच आळीतला, असं आडनावावरून एकेकाला ओळखत निघाल्या. टेसा त्यांचा हात धरून चालत होती. रांगेच्या मधोमध एक झिजलेला दगड होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि तिथेच मातीत बसल्या.

“फाँग,” त्यांनी मला हाक मारली.  “अगं, अख्खं गाव इथे आहे. पणजोबा एकटे नव्हते गं.”

मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही.

आम्ही उदबत्त्या लावल्या, कोंबडी मांडली, दारूचे तीन पेले ओतले. सासूबाईंनी पणजोबांना नावाने हाक मारली, जेवायला या म्हणाल्या. मग त्यांनी रांगेकडे नजर टाकली आणि त्यांचा चेहरा पडला. पाहुणा घरी आल्यावर भात कमी पडला की आमच्या घरात हाच चेहरा होतो.

“एवढ्यांना कसं पुरायचं?” त्या म्हणाल्या. “शेजारी उपाशी आणि आपलाच जेवतोय, बरं दिसतं का?”

मी गाडीकडे धावले. टेसासाठी घेतलेले ईस्टरचे गोड पाव होते, तेवढे घेऊन आले. टेसाने न सांगता ते मोडायला घेतले. प्रत्येक दगडापुढे एक तुकडा ठेवायचा, दगडावरचं नाव सासूबाईंनी वाचायचं, आणि आपली भाषा धड न येणाऱ्या माझ्या पोरीने ते मोठ्याने हाकारायचं, अशी आमची वरात रांगेच्या टोकापर्यंत गेली.