तिन्ही बाजूंनी

निघून आलेली पांढरी चिठ्ठी भिंतीवर पुन्हा चिकटवून ती दोन पावलं मागे सरकली. पिवळ्या चिठ्ठ्यांवर कामगार बायकांच्या मुलाखती होत्या. निळ्यांवर तिनं स्वतः चार महिने त्या धुलाई कारखान्यात बसून टिपलेलं, आणि पांढऱ्यांवर कारखान्याच्याच अपघात नोंदवहीतला मजकूर. तिन्हींचं म्हणणं एकच होतं. वाफेचा पाइप फुटून दोघी जणी गेल्या, त्या दिवशी मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

"एकीचं बोलणं कुणीही उडवून लावेल," मार्गदर्शक मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं. "तीन ठिकाणांहून तेच आलं, की मग कुणाची बिशाद नाही."

म्हणून अहवालात तिनं प्रत्येक मुद्द्यापुढे तिन्ही पुरावे शेजारी शेजारी मांडले होते. परवानगीच्या अटीप्रमाणे आठ दिवसांपूर्वी एक प्रत कारखान्याला गेली होती. आता ते आकाशपाताळ एक करतील, या तयारीनं ती रोज कमर कसून येत होती. आज दुपारी उत्तर आलं ते जेमतेम तीन ओळींचं.

'अहवाल बारकाईने वाचला. तिन्ही प्रकारची माहिती एकत्र मांडल्यामुळे चित्र स्पष्ट झाले. आमची कोणतीही हरकत नाही.'

"चला, सुटलो," मॅडम म्हणाल्या. पण पत्र काही त्यांनी खाली ठेवलं नाही.

"कुलपाबद्दल अवाक्षर नाही, मॅडम."

"तेच बघतेय. मग यांना चित्र कसलं स्पष्ट झालं?" त्यांनी चष्मा काढला. "नावं काढलीस ना सगळी?"

"सगळी. नुसते क्रमांक आहेत."

बोलता बोलता तिची नजर भिंतीकडे गेली. सात नंबरच्या मुलाखतीला इस्त्रीवाल्या मावशी किती आढेवेढे घेऊन बसल्या होत्या! रेकॉर्डरकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं होतं, "हे यंत्र कुणाला सांगणार नाही ना? म्हणजे माझ्या जावेपेक्षा बरंच की!" आणि स्वतःच खदखदून हसल्या होत्या.

तिनं सात नंबरच्या पिवळ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. 'कुलूप कुणी लावलं ते मी टेबलावरून पाहिलं.' शेजारी निळी, तिच्याच अक्षरातली. 'इस्त्रीच्या टेबलांपैकी मागचं दार फक्त खिडकीजवळच्या टेबलावरून दिसतं.' त्यापुढे पांढरी. 'खिडकीजवळचे टेबल : एक कामगार, उजवा हात भाजला.'

सुटी सुटी वाचली तर कुठलीच चिठ्ठी कुणाचं नाव सांगत नव्हती.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "फोन लाव तिला," त्या हळूच म्हणाल्या.

पहिल्याच घंटीला मावशींनी उचलला.

"ताई! शंभर वर्षं आयुष्य आहे बघा तुम्हाला. आत्ताच तुमचं नाव काढलं."

"मावशी, कुठे आहात?"

"घरीच, वेणी घालतेय. मालकांनी बोलावलंय मला, एकटीलाच. बारा वर्षांत कधी वर मान करून बघितलं नाही, आणि आज गाडी पाठवली! तुमच्या कागदांचाच गुण म्हणायचा. काहीतरी चांगलं होणार असं दिसतंय."

"मावशी, माझं ऐका. जाऊ नका. काहीतरी कारण सांगा, डोकं दुखतंय म्हणा."

"असं काय करता, ताई? ड्रायव्हर कधीचा दारात उभा आहे. हो हो, आलेच! संशोधनवाल्या ताई आहेत... काय? देऊ?"

फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला.

"नमस्कार, ताई." आवाज तरुण होता, अदबीचा. "तुम्हीही चलता का? तुमचं कॉलेज वाटेतच आहे."

मॅडम हातानं नको नको म्हणत होत्या. तिनं त्यांच्याकडे पाठ केली.

"येते," ती म्हणाली. "पण मी येईपर्यंत मावशींना घरातच बसू द्या."

"घरात?" तो जरासा हसला. "त्या गाडीत बसल्यासुद्धा."