डावीकडचं स्टेअरिंग

काशीराम मिस्त्री स्टेअरिंग दांड्यासकट काखेत धरून उभा होता. ते कुठल्या बाजूला बसवायचं हा त्याच्या मते प्रश्नच नव्हता.

"उजवीकडे घेतो, भाभी," तो म्हणाला. "लढाईतली जीप हाय. गोऱ्यांनी डावीकडे बसवलेलं. माझ्याकडे आलेली एकूण एक जीप मी उजवीकडे केली."

"डावीकडेच राहू दे," जन्नत म्हणाली.

काशीरामने स्टेअरिंग दुसऱ्या काखेत घेतलं, जणू तिकडून ते वेगळं दिसेल.

जन्नतचा नवरा तन्वीर एकोणीस वर्षं कतारमध्ये पाण्याचा टँकर चालवत होता. दर दोन वर्षांनी तो दोन महिन्यांसाठी रत्नागिरीत मांडवीच्या घरी यायचा आणि निघताना दर वेळी म्हणायचा, की इथे राहून मी करू काय, मला तर इथली गाडीसुद्धा चालवता येत नाही. यात खोटं काही नव्हतं. मागच्या खेपेला त्याने शेजारच्या अकबरभाईंची गाडी मागून घेतली होती. उजवा हात सवयीने गिअर शोधत दरवाजावर जायचा. भाट्याच्या पुलापर्यंत त्याने चार वेळा काच खाली केली, पाचव्या वेळी दार उघडलं, आणि गाडी तेवढा वेळ पहिल्या गिअरमध्येच ओरडत राहिली. दुसऱ्या एखाद्या बायकोने यातून वेगळा अर्थ काढला असता. जन्नतने ठरवलं, की माणूस परत जातो तो स्टेअरिंगमुळे. दारात रोज चालणारी, डाव्या हाताची गाडी उभी असली, की जायला कारणच उरत नाही.

जीप तिच्या माहेरी, अंजनवेलच्या परड्यात फणसाखाली बावीस वर्षं उभी होती. तिथून ती ट्रकवर चढवून रत्नागिरीला आणली, तेव्हा आत तीन कोंबड्या होत्या. दोघी वाटेत चिपळूणला उतरल्या. तिसरी थेट साळवी स्टॉपपर्यंत आली आणि पुढचे दोन महिने काशीरामच्या गॅरेजात तिने गाडीवर आपला हक्क सांगितला.

खाऱ्या वाऱ्याने तळाचा पत्रा पापडासारखा झाला होता. तो काशीरामने तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून नवा घातला. ब्रेक पहिल्यापासून केले, वायरिंग बदललं, इंजिन खोलून त्यातून उंदराचं बिऱ्हाड काढलं. छताचं कापड शिवायला मंडपवाल्याकडे दिलं, तर त्याने सवयीने चारी बाजूंनी लाल झालर लावून पाठवलं. जन्नतने ती रात्रभर बसून उसवली नाही. दुसऱ्या दिवशी मंडपवाल्यालाच गॅरेजात बसवून उसवून घेतली. पासिंगला आरटीओचे साहेब उजव्या बाजूने चढले, नीट बसले, आणि मग काही वेळ समोर बघत राहिले.

पण ट्रायलला निघाल्यावर खरी अडचण कळली. पुढे एसटी असली, की डावीकडे बसलेल्या काशीरामला तिच्या मागच्या पाटीशिवाय काही दिसत नव्हतं. ओव्हरटेक करायचा तर उजवीकडे बसणाऱ्याने वाकून बघायचं आणि सांगायचं. उजवीकडे जन्नत होती.

"बघा, भाभी. माझा जीव तुमच्या डोळ्यांत हाय," काशीराम म्हणाला.

पहिल्या दिवशी ती सगळ्यालाच थांब म्हणाली. पावस गावापर्यंत ते एका सायकलवाल्याच्या मागून गेले आणि त्याने शेवटी उतरून यांना वाट करून दिली. महिन्याभरात मात्र तिचा डोळा बसला. "दोन रिक्षा, एक म्हैस, मग मोकळा," असं ती सांगायची, आणि तसंच असायचं. ही गाडी एकट्याने चालवता येत नाही, हे काशीरामने तक्रार म्हणून सांगितलं होतं. जन्नतने ते ऐकून पदर सारखा केला.

दोन हजार एकच्या एप्रिलमध्ये तन्वीर आला. डावीकडे चढला, आणि उजवा हात खाली सोडला तर तिथे गिअर होता. तो बराच वेळ गिअरचा गोळा नुसता चाचपत बसला. मग सकाळी मिरकरवाड्याहून मासे, दुपारी कुणाला तरी दवाखान्यात, संध्याकाळी विनाकारण भाट्ये, असं रोजचं सुरू झालं. जन्नत शेजारी. "आता?" तो विचारायचा. "चला," ती म्हणायची. ज्यांच्याशी तो वर्षानुवर्षं बोलला नव्हता, त्यांनाही त्याने गाडीत घालून त्यांना नको तिथे नेऊन सोडलं. काशीरामला त्याने पुढच्या दिवाळीत जीपला हिरवा रंग देऊ असंही सांगितलं. त्यात दिवाळी हा शब्द होता, म्हणून जन्नतने त्याच दिवशी गोड केलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चाक बदलता बदलता, नट तोंडात धरल्यासारखं तो म्हणाला,

"कंपनीनं अजून दोन वर्षं दिली."

तिने जॅक कुठे ठेवायचा ते विचारलं.

निघायच्या दिवशी दुपारच्या गाडीला दीड तास होता. स्टेशनपर्यंत जीपच नेणार, असं तन्वीरचं म्हणणं पडलं. ती परत आणायला काशीराम मागे सुटकेसवर बसला. त्याने आज धुतलेला शर्ट घातला होता आणि त्यात तो कुणाच्या तरी मयताला आल्यासारखा दिसत होता.

चढ सुरू झाला तिथे चिऱ्यांनी भरलेला ट्रक पुढे आला. तो इतका सावकाश चढत होता, की मागून एक कुत्रा त्याचा वास घेत चालला होता.

"आता?" तन्वीरने विचारलं.

जन्नत वाकली. पार वरच्या वळणापर्यंत रस्ता कोरा होता.

"थांबा. एसटी आहे."

तो थांबला. एसटी काही आली नाही. कुत्रा कंटाळून बाजूला बसला.

"गेली?"

"आता टँकर आहे."

टँकरही आला नाही. काशीरामने बाहेर डोकावून पाहिलं आणि डोकं आत घेऊन स्वतःच्या चपला बघू लागला.

"आता?"

जन्नत पुन्हा वाकली. बराच वेळ तशीच राहिली. तिच्या ओळखीच्या गाड्या संपल्या असाव्यात.

"वरात," ती म्हणाली.

तन्वीरने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग त्याने जीप हळूच उजवीकडे काढली, निम्मी, मग आणखी थोडी, इतकी की आता त्यालाही सगळं दिसावं. उन्हात डांबराचा लांब पट्टा वर गेला होता. त्यावर काही नव्हतं. तो क्षणभर तसाच चालवत राहिला. आणि मग जीप पुन्हा ट्रकच्या मागे, चिऱ्यांच्या लाल धुळीत आली.

"मोठी आहे," तो म्हणाला.

"मोठीच आहे."

मागून काशीरामने घसा साफ केला.

"बँड पण हाय," तो म्हणाला.

तन्वीरने गिअर खाली टाकला, आणि ज्या हाताला घड्याळ होतं तो स्टेअरिंगवरून काढून मांडीवर उताणा ठेवला, तबकडी खाली.