परदेशी गरीची काठी

मित्रांनो, जरा डोळे मिटा. दिग्रसजवळच्या अरुणावती धरणाचे संध्याकाळचे पाणी समोर आणा. वारा पडला आहे. पाण्यावरून एक पिवळा दोरा हळूच उडतो आहे आणि त्याच्या टोकाशी बारीक गळाला बांधलेले माशीएवढे पीस आहे. तो दोरा उडवणारी मी. मी एक जुनी, परदेशी गरीची काठी आहे.

माझ्या कंपनीचे नाव मोठे. पण त्याबद्दल लोकांचे एकमत नाही. कोणी म्हणे, अशी काठी दुसरी नाही. कोणी म्हणे, नुसताच गाजावाजा. मी घडले तेव्हा कारागिराने मला वाकवून पाहिले आणि तो हसला. दोरा गुंडाळायचे माझे चाक मुठीला धरून ठेवणारी कडी मात्र त्याच्या हातून ढिलीच राहिली. पुढे एका साहेबांनी मला निलगिरीच्या थंड ओढ्यांवर नेले. तिथे माझे फार कौतुक झाले. साहेब दिग्रसला बदलून आल्यावर मी कपाटातच पडून राहिले, आणि गाव सोडताना त्यांनी मला पिसांच्या डबीसकट शेजारच्या मारोतीला देऊन टाकले.

मारोतीने बांबूच्या गरीला लावतात तसे मला शिसे आणि गांडूळ लावले. दोरा त्याच्या पायाशीच गोळा होई.

"कंपनीची म्हने! माही बांबूची बरी," म्हणत त्याने शिसे सोडून घेतले.

"मंग मले द्या, भाऊजी. घरातले जाळे काढाले होईल," त्याची वहिनी बेबीताई म्हणाली.

तिची मुलगी प्रेरणा मध्ये पडली. "आई, रविवारपरेंत थांब नं! मी मासा धरून दाखवतो."

"दाखव. नाही तं सोमवारी हिले झाडू बांधतो."

प्रेरणा अंगणात नुसता दोराच मागेपुढे झुलवत बसे. एका दुपारी तो आपल्याच वजनाने उडाला आणि थेट कुंपणापर्यंत गेला. तिने तोंडावर हात ठेवला. मला शिसे लागत नाही, फेकायचे सारे ओझे माझ्या दोऱ्यातच असते, हे तिला खेळता खेळता उमगले.

रविवारी धरणावर तिने साहेबांच्या डबीतले पीस बांधले. ते पाण्यावर अलगद टेकले आणि गडप झाले. मी वाकले. किती वर्षांनी वाकले! तेवढ्यात कडी सुटली आणि चाक पाण्यात पडले.

"पाह्य! नुसतं नावच हाय तिचं!" मारोती ओरडला.

प्रेरणा दोरा हातानेच ओढत राहिली. टोकाशी तळहाताएवढा मासा चमकला.

"कडीसाठी साऱ्या काठीले कायले नावं ठेवतं, काका?"

मारोती माशाकडे बघतच राहिला. "बापा! मासा तं हाय."

मित्रांनो, कोणाचे नाव ऐकून त्याला डोक्यावर घेऊ नका, अडगळीतही टाकू नका. हाती घ्या. त्याची रीत समजून घ्या, आणि कुठे दुखते तेही बघा.

प्रेरणाने दोऱ्याला धरून चाक वर काढले. सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी कापून ते मुठीला करकचून बांधले. मग "काका, धर," म्हणत तिने मला मारोतीच्या हाती दिले आणि मागे उभी राहून दोरा कसा झुलवायचा ते दाखवायला त्याचा कोपर हळूच वर उचलला.