चुकीचा निरोप

"तुमची आई गेली, भाऊ," सिस्टर पद्मजा फोनवर म्हणाली. "आम्ही लय प्रयत्न केले."

पलीकडून किसनसिंगच्या तोंडून आईला "याडी!" एवढी एकच हाक निघाली आणि त्याच्यामागे बायकांचा आकांत सुरू झाला. महागावच्या पलीकडच्या तांड्यावरचा तो आकांत ऐकत पद्मजाने नेहमीच्या सूचना दिल्या. जास्त माणसं आणू नका, मास्क लावा, कोणाचं तरी आधार कार्ड घ्या. मग फोन ठेवला. तिला काहीच वाटलं नव्हतं. दुसरी लाट आल्यापासून कोविड वॉर्डात तिच्या हातून असे इतके फोन झाले होते, की आता वाटणं बंदच झालं होतं.

"बाई, पानी दे वो," कोपऱ्यातल्या खाटेवरून कोणी तरी म्हणालं.

पीपीई किटच्या आत घामाने भिजलेली पद्मजा उठली. चष्म्यावर वाफ धरली होती. म्हातारीची मान उचलून तिने पाणी पाजलं आणि ग्लास खाली ठेवताना तिची नजर गोंदलेल्या मनगटावर गेली. सलाईनची सुई लावताना हे मनगट तिने रोज हातात धरलं होतं, पण खिडकीजवळच्या खाटेवर.

"आजी, नाव काय तुमचं?"

"भुरीबाई. किसनसिंगची याडी. इसरली का?"

पद्मजाने खाटेची कड घट्ट धरली.

सकाळी तिनेच खाटांची अदलाबदल केली होती. खिडकीजवळच्या खाटेला ऑक्सिजनचा दाब चांगला येई. भुरीबाई सुधारत होती म्हणून तिला कोपऱ्यात हलवलं आणि खिडकीची जागा घाटंजीच्या रुक्माबाईला दिली. गेली ती रुक्माबाई. शेवटच्या श्वासापर्यंत पद्मजा तिचा हात हातात घेऊन बसली होती, आणि तेवढा सारा वेळ तिला भुरीबाईच समजत होती.

वॉर्डाच्या इन्चार्ज विमलताईंनी ऐकलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी किसनसिंगला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही.

"निघाले असतीन ते," विमलताई म्हणाल्या. "तू बस इथं. रुक्माबाईच्या पोरीले मी सांगतो."

"नाही ताई. मीच सांगतो."

रुक्माबाईची मुलगी केतकी शाळेत शिक्षिका होती. फोनवर तिने आई गेल्याचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई एकटी होती का हो?"

"नाही बाई. मी होती जवळ. हात धरून होती."

"बरं झालं," केतकी म्हणाली आणि मग रडली. पद्मजाचं बोलणं शब्दन् शब्द खरं होतं, तरी तिला खोटं बोलल्यासारखं वाटलं; तो हात तिने भुरीबाईचा म्हणून धरला होता.

दुपारच्या उन्हात रुग्णालयाच्या फाटकाशी जीप थांबली. पद्मजा किट उतरवून तिथेच उभी होती. किसनसिंग उतरला. आईच्या अंगावर घालायचं नवं लुगडं त्याने छातीशी धरलं होतं. त्याच्यामागून दोघं-तिघं उतरले.

"भाऊ, तुमची आई जिती हाये," पद्मजा म्हणाली. "मी चुकीचा निरोप देला. दुसरी बाई गेली. मी तुमच्या घरी फोन लावला."

विमलताईंनी वॉर्डातून व्हिडिओ कॉल लावला तेव्हा कुठे त्याला खरं वाटलं. पडद्यावरची भुरीबाई मास्क बाजूला करून त्याला त्यांच्या बोलीत काही तरी दरडावून म्हणाली. किसनसिंग हसला, हसता हसता खाली मातीत बसला आणि लुगड्यात तोंड खुपसून हुंदके देऊ लागला.

मग तो उठला तो तापूनच.

"माह्या बायकोनं चूल विझवली. भैन पुण्याहून निघाली रडत रडत. तुमाले मान्सं वळखू येत नाही का?"

"नाही," पद्मजा म्हणाली. "आता नाही येत, भाऊ."

हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. तिलाही नव्हतं. तिच्या गालांवर मास्कच्या पट्ट्यांनी केलेले काळे व्रण त्याने आता पाहिले. त्याचा आवाज जरा खाली आला.

"सुटी नसते का तुमाले?"

शेवटची सुटी कधी घेतली होती ते तिला आठवेना.

"बैलालेबी दुपारचं सोडतो आमी," तो म्हणाला. माफ केलं असं तो बोलला नाही. पण जाताना, माझ्या आईवर लक्ष ठेवा, असं त्याने तिलाच सांगितलं.

संध्याकाळी अधीक्षकांनी तिला बोलावलं. तेही कित्येक दिवसांत धड झोपलेले नव्हते.

"सिस्टर, पेशंट ठीक आहे, नातेवाईक शांत झाले. विषय मिटला."

"मिटला नाही, सर." पद्मजा म्हणाली. "चूक माझी आहे, मी तसं लिहून देतो. दोन्ही घरच्यांची माफी पण मागतो. पण आज निरोप चुकला, उद्या इंजेक्शन चुकीन. आम्हाले सुटी पाहिजे. मलेच नाही, सगळ्यांले."

"माणसं कुठून आणू मी?"

तेव्हा विमलताई आत आल्या. त्यांच्यामागे दारात ड्युटी संपलेल्या बाकीच्या सिस्टरही येऊन उभ्या राहिल्या. कोणी घोषणा दिली नाही. एकजण तर उभ्या उभ्या भिंतीला टेकून डोळे मिटून होती.

"मारेगावकडं नर्सिंग झालेल्या पोरी घरी बसून हायेत, सर," विमलताई म्हणाल्या. "वर मागा. नाही देले तर आम्ही येतो तुमच्यासंगं मागायले."

अधीक्षकांनी दाराकडे पाहिलं. त्या टेकलेल्या मुलीकडे त्यांची नजर जरा जास्तच वेळ थांबली. मग त्यांनी फोन ओढला.

सगळं लगेच झालं नाही. वरून आधी नकार आला, मग अर्ध्याच मुली आल्या, त्यातली एक पहिल्याच दिवशी घाबरून परत गेली. पण पाळ्या बदलल्या. नातेवाइकांना फोन करताना दोघींनी मिळून नाव पडताळायचं, असं ठरलं. पद्मजाला लेखी समज मिळाली. ती तिने सही करून घेतली. केतकी आईचं सामान न्यायला आली तेव्हा पद्मजाने तिला झाडाखाली बसवून सगळं सांगितलं, खाटांची अदलाबदलही. "हात आईचाच होता ना?" एवढंच केतकीने विचारलं. भुरीबाई घरी गेली त्या दिवशी पद्मजा पहिल्यांदा सुटीवर होती.

त्या दिवशी ती दुपार कलली तरी झोपून होती. तिच्या नवऱ्याने, नीळकंठने, कूलरमध्ये पाणी भरताना बादलीचा आवाज होऊ दिला नव्हता. ती उठून बाहेरच्या खोलीत आली तेव्हा समीक्षाने, तिच्या लेकीने, ताट समोर ठेवलं. वाकड्यातिकड्या पोळ्या आणि वांग्याची भाजी.

पद्मजाने पहिला घास घेतला.

"मीठ जास्त झालं वो बाई."

"बाबा म्हणे बरोबर हाये!" समीक्षा रुसून म्हणाली.

"तुह्या बाबाले काय समजते," पद्मजा म्हणाली आणि तिला हसू आलं. दुसरा घास हातातच राहिला. कारण हसता हसता तिला खिडकीजवळची रुक्माबाई दिसली. या वेळी रुक्माबाईच. कपाळावरचं पुसट गोंदण, ओठांच्या कडेला सुकलेलं पाणी, सुटत चाललेली बोटं. पद्मजाला रडू फुटलं. इतके दिवस न आलेलं रडू, मोठ्याने, लहान मुलासारखं.

समीक्षा घाबरून उठली. नीळकंठने तिला नजरेनेच थांबवलं. त्याने फक्त कूलरचं तोंड पद्मजाकडे वळवलं आणि तिच्या शेजारी खाली बसला.